रात्रीत बसणारी गाडी: एअर सस्पेन्शनमधली गळती शोधायची कशी, बंद करायची कशी

रात्री गाडी लावली तेव्हा चारही कोपरे सारखे होते. सकाळी पाहिलं तर पुढची डावी बाजू बसलेली, मडगार्ड टायरला टेकायला आलेलं. इंजिन सुरू केलं, कुठून तरी घरघर ऐकू आली, मिनिटभरात गाडी उठून उभी राहिली आणि मालक निश्चिंत मनाने कामाला निघाला. एअर सस्पेन्शनच्या, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर गाडी उभी ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या, दुखण्याची सुरुवात बहुतेक वेळा अशीच होते आणि महिनोन्‌महिने तशीच चालू राहते. मग एके दिवशी घरघर थांबते, गाडी उठत नाही, आणि हातात अंदाजपत्रक पडतं ते कॉम्प्रेसरचं.

माझ्याकडे एकदा अशी गाडी आली होती, जिचा कॉम्प्रेसर वर्षभरात दोनदा बदलून झाला होता. तिसऱ्याची तयारी चालली होती. गळती निघाली मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकमागे, ४ मिलिमीटर जाडीच्या पाइपवर. एक तुटकी क्लिप त्याला घासत होती. भोक इतकं बारीक की नख फिरवलं तरी लागत नव्हतं. तेव्हापासून कॉम्प्रेसर जळालेली गाडी आली की मी आधी गळती शोधतो आणि मगच कॉम्प्रेसरला हात लावतो. कॉम्प्रेसर आपणहून फारसा मरत नाही. त्याला मारणारा दुसराच कुणी असतो.

हवा कुठून कुठे जाते

रचना फार अवघड नाही. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो आणि दाबतो. ती ड्रायरमधून जाते, तिथे तिच्यातली ओल शोषली जाते. पुढे व्हॉल्व्ह ब्लॉक, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हचा एकत्र ठोकळा. तिथून प्रत्येक चाकाकडे एक बारीक पाइप. पाइपच्या टोकाला रबरी फुगा, ज्याला कुणी बेलो म्हणतं, कुणी बलून. काही गाड्यांत हवा साठवायला वेगळी टाकी असते. प्रत्येक कोपऱ्याची उंची मोजणारे सेन्सर असतात आणि हे सगळं सांभाळणारा एक कंट्रोल युनिट. मोटारगाड्यांमध्ये फुग्यातला दाब साधारण ५ ते १० बार, टाकीत त्याहून जास्त.

यातला ड्रायर नीट समजून घ्या, कारण गळती कॉम्प्रेसरला कशी मारते ते त्याच्यापाशी कळतं. ड्रायरमधले दाणे ओल शोषतात, पण ती कायमची पोटात ठेवत नाहीत. गाडी खाली घ्यायची असते तेव्हा फुग्यातली कोरडी हवा त्याच ड्रायरमधून उलटी बाहेर सोडली जाते आणि जाताना दाण्यांतली ओल घेऊन जाते. म्हणजे प्रत्येक वेळी गाडी खाली आली की ड्रायर थोडा वाळतो. गळतीच्या गाडीत हवा भलत्याच वाटेने निघून जाते. कॉम्प्रेसर दमट हवा आत भरत राहतो, ड्रायरकडे कोरडी हवा परत येतच नाही. दाणे भिजतात, फुटतात, त्यांची पांढरी भुकटी व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये पोहोचते, व्हॉल्व्हच्या बैठका (मिटताना व्हॉल्व्ह टेकतो त्या जागा) खराब होतात आणि एका गळतीच्या दोन होतात. त्यात कॉम्प्रेसर मुळात थोडा वेळ चालून विश्रांती घ्यायला बनवलेला. सतत चालला तर पिस्टनची रिंग झिजते, दाब कमी पडतो, मग त्याच कामाला तो आणखी जास्त वेळ घेतो. हे चक्र एकदा सुरू झालं की फार दिवस लागत नाहीत.

हात लावण्याआधी

हा भाग लोक वाचत नाहीत, म्हणून थोडक्यात पण स्पष्ट सांगतो. फक्त हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. फुगा फुटला, व्हॉल्व्ह उघडला, किंवा कंट्रोल युनिटला वाटलं की उंची बदलावी, तर गाडी क्षणात काही इंच खाली येते, आणि तेवढ्या इंचांत माणूस चिरडतो. जॅकवरही विसंबू नका. गाडी सपाट, टणक जमिनीवर, चाकांना ठोकळे, आणि वजन पक्क्या स्टँडवर.

बऱ्याच गाड्यांत 'जॅक मोड' असतो. तो चालू केल्याशिवाय गाडी उचलली तर कंट्रोल युनिट उंची 'सुधारायला' जातो. मोड नसेल तर सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवा. कुठलाही पाइप सोडण्याआधी त्या भागातला दाब उतरवा, शक्यतो स्कॅनरने, म्हणजे कंट्रोल युनिटला जोडून त्याला हुकूम देणाऱ्या यंत्राने. तशी सोय नसेल तर नट अर्धा-पाऊण फेराच ढिला करून हवा सावकाश जाऊ द्या. डोळ्यांवर चष्मा हवाच. आणि फुगा गाडीतून काढल्यावर मोकळ्या जागेत फुगवून बघायचा मोह आवरा. त्याला आवर घालणारं धातूचं आवरण किंवा सस्पेन्शनची मर्यादा नसली की तो फुटू शकतो.

पहिलं हत्यार: मोजपट्टी

स्कॅनर, प्रेशर गेज, साबण, सगळं नंतर. सुरुवात मोजपट्टीपासून. चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं सरळ उभं अंतर चारही कोपऱ्यांवर मोजा आणि लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा आणि जमिनीचा उतार दोन्ही त्यात मिसळतात.

मोजायच्या आधी एक काम करा, नाहीतर रात्रभराची मेहनत वाया जाईल. गाडी नेहमीच्या उंचीवर आणा, इंजिन बंद करा आणि सस्पेन्शनचा फ्यूज किंवा रिले (कॉम्प्रेसरला वीज जोडणारा-तोडणारा स्विच) काढा. का? अनेक गाड्यांचा कंट्रोल युनिट गाडी बंद असतानाही अधूनमधून जागा होतो, उंची तपासतो, आणि एक कोपरा खाली गेलेला दिसला की बाकीच्यांतली हवा सोडून गाडी सपाट करतो. सकाळी तुम्हाला चारही कोपरे बसलेले दिसतात आणि दोषी त्यांच्यात लपून जातो. फ्यूज काढला की जो गळतो तोच एकटा बसतो.

दोन तासांनी मोजा, सकाळी पुन्हा मोजा. दोन तासांत फरक दिसला तर गळती मोठी आहे, साबणाने सहज सापडेल. फक्त सकाळी दिसला तर चिकाटी लागेल.

आता सकाळी चारही कोपरे सारखेच ५ ते १० मिलिमीटर खाली दिसले तर लगेच घाबरू नका. प्रवासातून आलेल्या गाडीच्या फुग्यातली हवा गरम असते. रात्री ती थंड होते आणि आकसते. वजन तेच, त्यामुळे दाब तोच, पण जागा कमी. ४० अंशांवरून १५ अंशांवर आलेली हवा साधारण ८ टक्क्यांनी आकसते. १५० मिलिमीटर उंचीचा हवेचा स्तंभ धरला तर हे १२ मिलिमीटर होतात. गाडी थंड झाल्यावर मोजायला सुरुवात केली की हा गोंधळ टळतो.

दाबाबद्दलचा एक गैरसमजही इथेच काढून टाकू. फुग्याच्या लाइनला गेज लावून 'काटा हलत नाही, म्हणजे गळती नाही' असं म्हणणारे बरेच भेटतात. गाडीचं वजन फुग्यावर असताना काटा हलणारच नाही. वजन भागिले फुग्याचं परिणामी क्षेत्रफळ म्हणजे दाब. हवा गेली तरी वजन तेवढंच असतं, म्हणून दाब जवळजवळ तेवढाच राहतो आणि गाडी खाली येत जाते. काटा पडायला लागतो तो गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी आधारावर बसल्यानंतर. त्यामुळे चाकांवर उभ्या गाडीत गळती उंचीवरून ओळखायची. गेज कामाला येतो तो चाक लोंबतं असताना, कारण तेव्हा फुग्याला लांबायला किंवा आखडायला जागा नसते आणि गेलेली हवा दाबातच दिसते.

आकड्यांवरून संशयित

एकच कोपरा बसतो: त्या कोपऱ्याचा फुगा, त्याच्या डोक्यावरचं फिटिंग, ब्लॉकपर्यंतचा पाइप किंवा ब्लॉकमधला त्याचाच व्हॉल्व्ह. यातली पहिली दोन कारणं सगळ्यांत जास्त आढळतात.

एका अॅक्सलची दोन्ही चाकं सारखी बसतात: दोन्ही फुगे एकाच वयाचे असतील तर दोन्ही गळत असू शकतात, पण मी आधी व्हॉल्व्ह ब्लॉककडे बघतो.

गाडी बसत नाही, पण कॉम्प्रेसर वारंवार चालतो: फुगे ठीक आहेत. गळती टाकीत, कॉम्प्रेसर ते ब्लॉक या लाइनमध्ये किंवा ड्रायरच्या जोडावर.

गाडी बसत नाही, पण उठतही नाही, किंवा उठायला फार वेळ घेते: ही गळती नसून अशक्त झालेला कॉम्प्रेसर असण्याची शक्यता जास्त.

गाडी चालू असताना तिरकी उभी राहते, बंद करून ठेवली की तशीच तिरकी राहते, आणखी खाली जात नाही: उंचीच्या सेन्सरची दांडी तुटली किंवा निखळली आहे. दोन मिनिटांत दिसणारी ही गोष्ट न बघता फुगे बदललेले मी पाहिले आहेत.

एक प्रकार भल्याभल्यांना चकवतो. गाडी नेहमीच्या उंचीवर गळते, वर उचलली की गळत नाही, किंवा याच्या उलट. फुग्याच्या घडीत भेग असते आणि ठरावीक उंचीवर घडी तिथे वळली की ती तोंड उघडते. वर उचललेल्या गाडीवर साबण मारून 'फुगा चांगला आहे' असा निकाल देणं म्हणूनच धोक्याचं. दोन-तीन उंचींवर तपासा. फक्त थंडीत गळणारी गाडी असेल तर संशय कडक झालेल्या ओ-रिंगांवर, म्हणजे जोडातून हवा अडवणाऱ्या रबरी कड्यांवर.

साबणपाणी, पण धीराने

भांडी घासायचा द्रव साबण आणि पाणी, फवाऱ्याच्या बाटलीत. साबण इतका हवा की बोटांत धरलेला थर लगेच तुटू नये. अमोनिया असलेले काच पुसायचे द्रव वापरू नका, त्याने पितळी फिटिंगांना तडे जातात. पेट्रोल, डिझेल, तेलकट फवारे यांना फुग्याच्या रबराजवळही येऊ देऊ नका.

धीर किती लागतो, याचा हिशेब एकदा करून पाहा. समजा फुग्याचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर आहे, दाब ७ बार, आणि गाडी १० तासांत २० मिलिमीटर बसली. आतली २०० घन सेंटिमीटर दाबलेली हवा गेली, म्हणजे बाहेरच्या दाबाला मोजली तर सुमारे १.६ लिटर. दर मिनिटाला ३ घन सेंटिमीटरही नाही, चहाच्या चमच्यापेक्षा कमी. अशी गळती 'फुस्स' करत नाही. तिचा मोठा बुडबुडाही दिसत नाही. बारीक पांढरा फेस हळूहळू जमतो, दाढीच्या साबणासारखा. फवारा, पाच मिनिटं थांबा, टॉर्चच्या उजेडात बघा, पुन्हा फवारा.

क्रम असा ठेवा. आधी व्हॉल्व्ह ब्लॉकवरची सगळी फिटिंगं, कारण ती एकाच जागी असतात. मग टाकीचं फिटिंग आणि कॉम्प्रेसरचा बाहेर जाणारा जोड. मग गळणाऱ्या कोपऱ्यावर फुग्याच्या डोक्यावरचं फिटिंग. त्यानंतर फुग्याची खालची घडी. इथे रबर स्वतःवर उलटं वळतं, माती-खडी साचते आणि बहुतेक भेगा इथेच पडतात. घडी आधी साध्या पाण्याने धुऊन घ्या, चिखलाखालचा फेस दिसत नाही. पुढच्या चाकांवर फुग्यावर धातूचं किंवा रबराचं आवरण असतं, ते सरकवून किंवा खालच्या फटीतून साबण आत पोहोचवा. शेवटी फुगा जिथे पट्टीने आवळलेला असतो ती वरची आणि खालची कड.

पाइपला शोधायचं तर तो जिथे वळतो, क्लिपमध्ये बसतो, गाडीच्या पत्र्यातून आरपार जातो आणि सायलेन्सरजवळून जातो, अशा जागा बघा. मधल्या सरळ भागात तो क्वचितच गळतो. पुढच्या चाकांची गळती स्टिअरिंग वळवल्यावर कमी-जास्त होत असेल तर पाइप कुठेतरी ताणला जातोय.

जागा दिसत नसेल पण हात जात असेल तर रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं संशयाच्या जागेवर फिरवा. शांत गॅरेजमध्ये ही नळी बरंच काही ऐकवते. मोठ्या वर्कशॉपमध्ये अल्ट्रासॉनिक डिटेक्टर असतो, तो याचाच शहाणा भाऊ.

ब्लॉक की फुगा? गोंधळ मिटवायची खात्रीची पद्धत

सगळीकडे साबण मारून झाला, फेस कुठेच नाही, तरी कोपरा बसतोच. मग गळती बहुधा व्हॉल्व्ह ब्लॉकच्या पोटात आहे. कोपऱ्याचा व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, हवा ब्लॉकच्या मधल्या वाटेत येते आणि पुढे बाहेर सोडायच्या व्हॉल्व्हमधून निसटते. बाहेरून साबणाला ती दिसणार कशी?

फ्यूज काढलेला असू द्या. हवा बाहेर सोडणाऱ्या नळीचं टोक शोधा आणि ते पाण्याच्या पेल्यात बुडवा. थोड्या-थोड्या वेळाने बुडबुडा आला तर आतली गळती सिद्ध. फ्यूज काढण्यावर मी इतका भर देतोय कारण काही गाड्यांत हवा ओढायची आणि सोडायची नळी एकच असते. कॉम्प्रेसर चुकून सुरू झाला तर पेलाभर पाणी त्याच्या पोटात.

त्याहून पक्की पद्धत म्हणजे कोपरा वेगळा काढणं. गाडी स्टँडवर, चाक लोंबतं. गळणाऱ्या कोपऱ्याचा पाइप ब्लॉकवरून सोडा, त्याला त्याच मापाचं जोड-फिटिंग, बंद करायचा छोटा व्हॉल्व्ह आणि गेज लावा. बाहेरच्या पंपाने हळूहळू नेहमीच्या दाबापर्यंत भरा. कंपनीने दिलेली मर्यादा ओलांडू नका. व्हॉल्व्ह बंद करा, हवा थंड व्हायला अर्धा तास द्या, आकडा लिहा. ही जोडणी आधी साबणाने तपासा, नाहीतर तुमच्याच गेजची गळती रात्रभर मोजत बसाल. सकाळी काटा तिथेच असेल तर फुगा आणि पाइप निर्दोष, दोष ब्लॉकचा. काटा पडला असेल तर ब्लॉक निर्दोष, दोष फुग्याचा किंवा पाइपचा. काही फुग्यांच्या तोंडाशी ठरावीक दाब आत राखून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. पाइप काढल्यावर हवा यायची थांबली म्हणजे फुगा रिकामा झाला असं समजू नका.

दुरुस्ती: पाइप आणि फिटिंग

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त वेळा लागणारी दुरुस्ती. पाइप कडक प्लास्टिकचा असतो, बाहेरून ४ किंवा ६ मिलिमीटर. टोकाशी ओरखडा असेल आणि पाइपला थोडी ढील असेल तर १० ते १५ मिलिमीटर कापून टाका. कापायचा तो पाइप कटरने किंवा नव्या धारदार पात्याने, अगदी काटकोनात. पक्कडीने चिमटून कापलेला पाइप अंडाकृती होतो, आणि ओ-रिंग अंडाकृतीवर बसत नाही. मध्ये भोक असेल तर तो भाग कापून त्या दाबासाठी बनवलेला जोड घाला. टेप, गोंद, गरम करून आकसणारी नळी यांतलं काहीही ७ बारसमोर टिकत नाही. करून झालेले प्रयोग आहेत.

पितळी नट आणि आत पाइपला चावणारी कडी, अशा फिटिंगमध्ये कडी एकदा चावली की तिचं काम संपलं. पाइप काढलात तर फिटिंग नवीन घाला. नवीन फिटिंग आधी हाताने पूर्ण आवळा, मग पाइप तळाला लागेपर्यंत आत ढकला. किती आत गेला हे कळायला पाइपवर आधीच पेनने खूण करून ठेवा. टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, फार कमी असतो. ज्या हाताने चाकाचे नट आवळता त्या जोराने इथे आवळलंत तर ब्लॉकचे आटे निघतील आणि दहा मिनिटांचं काम दहापट महाग होईल.

मोटारगाड्यांच्या या फिटिंगवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची नाही. इथे हवा अडवण्याचं काम ओ-रिंग करते, आटे नाही. टेपचे तुकडे मात्र सुटून व्हॉल्व्हच्या बैठकीत जाऊन बसतात. अवजड वाहनांत निमुळत्या आट्यांची फिटिंगं असतात, तिथे सीलंट लागतो. दोन्हीची सरमिसळ करू नका.

दुरुस्ती: फुगा

फुग्याला पंक्चर काढता येत नाही. रबराच्या आत आडव्या-तिरक्या दोऱ्यांचे थर असतात, तेच दाब पेलतात. भेग दिसते तेव्हा वरचं रबर गेलेलं असतं आणि दोरेही मार्गाला लागलेले असतात. वरून चिकटवलेला तुकडा घडीबरोबर हजारो वेळा वळतो आणि सुटतो. टायरमध्ये ओततात तो सीलंट तर मुळीच घालू नका, तो परत येऊन व्हॉल्व्ह ब्लॉक चिकटवून टाकतो.

बदलण्याचा क्रम साधारण असा. गाडी स्टँडवर, चाक काढलेलं, त्या कोपऱ्याचा दाब उतरवलेला, फ्यूज काढलेला. उंचीच्या सेन्सरची दांडी सोडा, नाहीतर चाकाला धरणारा सस्पेन्शनचा हात खाली गेला की ती मोडेल. फुग्याच्या डोक्यावरचा पाइप सोडा आणि त्याच्या तोंडाला लगेच स्वच्छ टोपी घाला. वरचे नट, खालचा बोल्ट, जुना फुगा बाहेर. शॉक अॅब्सॉर्बर त्यातच असेल तर विजेची जोडणीही सोडावी लागेल.

नवीन बसवताना तो पिळला जाऊ देऊ नका. वरचं आणि खालचं टोक एकमेकांच्या सरळ रेषेत हवं, त्यासाठी खुणा दिलेल्या असतात. थोडासाही पीळ राहिला की घडी एका बाजूला जास्त वळते आणि नवा फुगा जुन्याच्या वाटेने जातो. पाइप जोडा, फिटिंग नवीन, साबण मारायला जागा आहे तोवरच मारून घ्या.

आता सगळ्यांत महत्त्वाचं: रिकाम्या फुग्यावर गाडीचं वजन टाकू नका. आत हवा नसली की घडी चिमटते, दुमडते आणि पहिल्याच दिवशी फाटू शकते. नवीन फुग्यांपैकी कितीतरी 'डिफेक्टिव्ह' म्हणून परत जातात ते याच चुकीमुळे, असा माझा संशय आहे. चाक लोंबतं असतानाच स्कॅनरने थोडी हवा भरा, घडी सगळीकडून सारखी गोल झाली का ते डोळ्यांनी बघा, मग सावकाश गाडी खाली घ्या. रबरी बुशांचे बोल्ट शेवटी, गाडी नेहमीच्या उंचीवर उभी असताना पूर्ण आवळायचे. लोंबत्या चाकावर आवळले तर बुश कायमचे पिळलेले राहतात.

दुसऱ्या बाजूचा फुगाही बदलायचा का? दोन्ही एकाच वेळी बसवलेले असतील आणि दुसऱ्याच्या घडीतही बारीक जाळीसारख्या भेगा दिसत असतील तर मी जोडीने बदलतो. दगड लागून एकच फाटला असेल तर एकच.

ब्लॉक, ड्रायर, कॉम्प्रेसर

ब्लॉक उघडण्याआधी आजूबाजूची जागा कोरडी आणि स्वच्छ करा, प्रत्येक पाइपला खूण घाला. आत ओ-रिंग कडक झाल्या असतील तर त्या बदलून काम भागतं. पांढरी भुकटी किंवा हिरवट गंज दिसला तर फक्त ओ-रिंग बदलून समाधान मानू नका. भुकटी ड्रायरमधून आली आहे, ड्रायर बदला, लाइनी कोरड्या स्वच्छ हवेने फुंकून काढा, आणि व्हॉल्व्हच्या बैठका खराब असतील तर ब्लॉकच बदला.

कॉम्प्रेसर बदलायचाच झाला तर त्याचा रिले त्याच दिवशी बदला. जास्त चाललेल्या रिलेचे संपर्क चिकटतात, मग कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि नवा कोराही जळतो. चाचणी घेताना तो सलग फार वेळ चालवू नका. आत उष्णतेपासून संरक्षण असतं, त्याने कॉम्प्रेसर बंद केला की 'कॉम्प्रेसर बिघडला' असा चुकीचा निष्कर्ष निघतो, खरं तर तो फक्त थंड व्हायची वाट बघत असतो.

ट्रक-बसवाल्यांसाठी दोन शब्द

तिथे हवा ब्रेकच्या व्यवस्थेकडूनच येते आणि उंची सांभाळतो तो बहुतेक वेळा दांडीवर चालणारा लेव्हलिंग व्हॉल्व्ह. चाकांना ठोकळे लावा, दांडी सोडा. वर केली की फुगे भरले पाहिजेत, खाली केली की हवा सुटली पाहिजे, आणि मधोमध धरली की पूर्ण शांतता. मधोमधही बाहेरच्या तोंडातून हवा येत असेल तर व्हॉल्व्ह गेला. ब्रेकच्या हवेवर परिणाम होऊ नये म्हणून मध्ये संरक्षक व्हॉल्व्ह असतो, पण त्याच्या भरवशावर गळकी गाडी रस्त्यावर काढू नका. टाकीतलं पाणी नियमित काढा. तिथून तेलकट, तपकिरी पाणी आलं तर ड्रायरचं काडतूस आधी बदला.

काम झालं का?

स्कॅनरने जुने एरर पुसा. सेन्सर किंवा त्याची दांडी हलवली असेल तर उंची पुन्हा कॅलिब्रेट करा, नाहीतर गाडी आपल्याच चुकीच्या समजुतीने तिरकी उभी राहील आणि हेडलाइटचा झोतही चुकेल. गाडी दोन-तीनदा पूर्ण वर, पूर्ण खाली करा, म्हणजे नवी फिटिंगं आणि घडी आपापल्या जागी बसतील. हात लावलेल्या प्रत्येक जोडावर पुन्हा साबण मारा.

मग थोडं फिरवून आणा, थंड होऊ द्या, फ्यूज काढा, चार कोपरे मोजा आणि झोपा. सकाळी त्याच मोजपट्टीने, त्याच जागी मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक मोजणाऱ्या हाताचा असतो. चारही कोपऱ्यांत सारखाच थोडा फरक असेल तर तो गारव्याचा. एकाच कोपऱ्यात ५ मिलिमीटरहून जास्त दिसला तर दुसरी गळती तिथेच कुठेतरी आहे. पुन्हा साबणाची बाटली घ्या आणि या वेळी सुरुवात ज्या जोडाला काल हात लावला होता तिथूनच करा.